दहा मीटर चिखल

लोणारच्या सरोवरात २००८ च्या सुमारास एक पोकळ नळी उतरली. अशा कामाची रीत ठरलेली असते. पाण्यावर तराफा स्थिर करायचा, त्यावरून नळी उभी खाली सोडायची, तळाला टेकली की चिखलात रुतवत न्यायची आणि मग सावकाश वर घ्यायची. नळीच्या पोटात चिखलाचा सलग गाभा येतो. वरच्या टोकाला अलीकडचा गाळ असतो, खालच्या टोकाला सर्वांत जुना. हा क्रम मोडला तर सगळी मेहनत वाया जाते, कारण त्या चिखलाचे सगळे मोल त्याच्या क्रमात असते.

लोणारमधून असा सुमारे दहा मीटरचा गाभा निघाला. दिसायला तो नुसता गाळ होता. पण त्याच्या खालच्या टोकाचे वय अकरा हजार वर्षांच्या आसपास भरले, आणि विदर्भाच्या पावसाचा जो इतिहास कुठल्या बखरीत किंवा शिलालेखात नाही तो त्यात थरांनी साठलेला सापडला.

हा इतिहास टिकला कसा, हा या शोधकथेचा गाभ्याचा प्रश्न आहे. झाडाचे पान गळते, जमिनीवर पडते, कुजते आणि त्यातला कार्बन वायू होऊन पुन्हा हवेत जातो. जंगलाच्या मातीवर हा व्यवहार बहुतेक वेळा काही वर्षांत उरकतो. लोणारच्या तळाशी पोचलेल्या पानांतला काही कार्बन मात्र हजारो वर्षे जागचा हलला नाही. हेच काम ठाण्याच्या आणि कोकणच्या खाड्यांत कांदळवनाखालचा चिखल करतो, आणि लोणारच्या कितीतरी पट मोठ्या प्रमाणावर करतो. हवा तापत चाललेल्या आजच्या काळात त्या कामाचे मोल समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, बुलढाणा जिल्ह्यातून करता येते.

खडकाच्या शोधात आलेली माणसे

लोणारला अभ्यासक पूर्वीपासून येत होते, पण त्यांना ओढ होती त्या अवाढव्य खळग्याची. काळ्या पाषाणाच्या पठारात मध्येच सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ गोल, काठापासून सुमारे दीडशे मीटर खोल विवर आणि त्याच्या तळाशी खारे पाणी. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. भूशास्त्रज्ञांनी भोवती पाहिले तर चहूकडे लाव्हा थिजून झालेला खडक. मग विवरही ज्वालामुखीचेच असणार, असे अनुमान निघाले आणि ते पुष्कळ वर्षे टिकले. अमेरिकेतले मोठे भूशास्त्रज्ञ जी. के. गिल्बर्ट ॲरिझोनातल्या एका विवराचे कोडे सोडवत होते. १८९६ मध्ये त्यांनी त्या विवराच्या जोडीला लोणारचे नाव घेतले. दोन्ही विवरांतले साम्य त्यांनी अचूक हेरले होते. दोन्ही वाफेच्या स्फोटाने झाली असावीत, हा निष्कर्ष मात्र पुढे दोन्ही ठिकाणी चुकीचा ठरला.

१९६४ मध्ये लाफाँड आणि डीट्झ या शास्त्रज्ञांनी हे विवर उल्केच्या आघाताने झाले असावे का, असा प्रश्न छापील स्वरूपात मांडला. उत्तर द्यायचे तर तळाचा खडक हातात यायला हवा होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दुबे आणि बालसुंदरम, स्मिथसोनियन संस्थेचे कर्ट फ्रेडरिक्सन आणि अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे डॅनियल मिल्टन यांनी ते काम तडीस नेले. विवराच्या तळात छिद्रे घेतली गेली. खालून भरडलेल्या खडकाचे तुकडे वर आले आणि त्यांत मॅस्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार हे खडकातले नेहमीचे खनिज. त्याच्यावरून प्रचंड दाबाची लाट गेली की ते न वितळता जागच्या जागी काचेसारखे होते. त्यालाच मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीला असा दाब निर्माण करता येत नाही. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि लोणार हे बेसाल्ट खडकात झालेले आघाती विवर म्हणून जगाच्या नकाशावर आले.

त्या छिद्रांना खडकाशी पोचण्याआधी शंभर मीटरच्या आसपास गाळ ओलांडावा लागला होता. खडकाच्या मागे असलेल्या माणसांसाठी तो वाटेतला अडथळा होता. विवराच्या वयाचा वाद पुढेही चालू राहिला. एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे आले, तर आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवर आधारलेल्या नंतरच्या मोजणीने ते सुमारे ५,७०,००० वर्षे ठरवले. यातला कुठलाही आकडा घेतला तरी एक गोष्ट कायम राहते. आघातानंतर त्या खळग्यात पाणी साचू लागले, पाण्याबरोबर माती आली, काठावरची पाने आली, पाण्यात शेवाळ वाढले आणि मेले, आणि हे सारे तळाशी बसत गेले. बाहेर जायला त्याला वाटच नव्हती.

खारात बांधलेली हवा

या विवराची कड चहूबाजूंनी बंद आहे. पावसाचे पाणी उतरते, काठावरचे झरे वाहतात, काठावरून कोसळणाऱ्या धारेचे पाणी बारमाही पडत राहते. एवढे पाणी येते, पण बाहेर जाणारा ओढा एकही नाही. पाणी जाते ते वाफ होऊन, आणि वाफेबरोबर क्षार जात नाहीत. म्हणून सरोवराचे पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा पीएच दहाच्या आसपास राहत आला आहे.

या खाराला एके काळी मोठा भाव होता. अबुल फझलने ‘आईन-ई-अकबरी’त इथल्या डोंगरात काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो, अशी नोंद केली आहे. पुढेही उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावरचा खार गोळा होई आणि डल्ला, पापडी अशा नावांनी त्याची प्रतवारी होई.

हा खार म्हणजे मुख्यतः सोडियम कार्बोनेट आणि त्याचे भाऊबंद. त्यातला सोडियम काळ्या पाषाणातून आला. कार्बन कुठून आला? त्याचा मोठा भाग हवेतून आणि मातीतून पाण्यात उतरलेल्या कार्बन डायऑक्साइडचा. पावसाचे पाणी हवेतून आणि मुळांभोवतीच्या मातीतून जाताना तो वायू विरघळवून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी बेसाल्टला हळूहळू झिजवते. खडकातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटतात आणि विरघळलेला वायू बायकार्बोनेट होऊन त्यांच्याबरोबर वाहू लागतो. सरोवरात पाणी आटत गेले की कॅल्शियम आधी चुनखडी होऊन तळाला बसते. सोडियम मागे राहतो आणि पाण्यात सोडा साचत जातो. म्हणजे मोगल काळात ज्या खारावर महसूल बसत होता, त्यात हवेतला कार्बन दगडाच्या मदतीने घट्ट बांधलेला होता.

लोणारने कार्बन धरायची ही पहिली तऱ्हा. ती फार सावकाश चालते. दुसरी तऱ्हा जिवंत आहे, आणि समुद्रकाठच्या पाणथळीशी लोणारचे नाते जुळते ते तिच्यामुळे.

तळाचा अंधार

लोणारचे पाणी वर्षाचा बराच काळ गर्द हिरवे दिसते. एवढ्या खारट, अल्कधर्मी पाण्यात मासे टिकत नाहीत, पण सूक्ष्मजीवांना ते मानवते. स्पिरुलिना या नावाने बाजारात ओळखले जाणारे नील-हरित सूक्ष्मजीव इथे दाट वाढतात. ऊन भरपूर आहे, विरघळलेला कार्बन हवा तेवढा आहे, पोषकद्रव्ये आहेत. हे जीव प्रकाशाच्या जोरावर पाण्यातला कार्बन स्वतःच्या शरीरात बांधतात. मग ते मरतात आणि खाली उतरू लागतात.

सरोवर उथळ आहे. खोली अवघी सहाएक मीटर. पण वरच्या काही मीटरखालीच प्राणवायू संपतो. वर इतके जीव कुजत असतात की उरलासुरला प्राणवायू तिथेच खर्च होतो. पुढचे कुजणे प्राणवायूविना करायचे असते आणि ते काम कमालीचे संथ चालते. लाकडाचा कणखर भाग आणि पानांवरचा मेणाचा थर यांना तर तिथे जवळजवळ कोणी हात लावत नाही. वरून नवा गाळ येत राहतो आणि आधीचा थर गाडला जातो. बरणीतल्या लोणच्यावर तेलाचा थर असतो आणि आत मीठ असते, म्हणून कैरीची फोड वर्षभर नासत नाही. लोणारच्या तळाशी तेलाची जागा पाण्याने घेतली आहे आणि मीठ सरोवराचे स्वतःचे आहे.

इथे कथेला एक वळण आहे आणि ते टाळून पुढे जाणे योग्य नाही. प्राणवायू नसलेल्या चिखलात मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव वावरतात. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक उष्णता अडवणारा वायू. पाणथळीने एका हाताने कार्बन साठवायचा आणि दुसऱ्या हाताने मिथेन सोडायचा, असा व्यवहार असेल तर तिला हवामानाची मैत्रीण म्हणावे का? हा प्रश्न शास्त्रज्ञ गांभीर्याने विचारतात. लोणारच्या चिखलातून मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव पुण्याच्या संशोधकांनी वेगळे काढून दाखवले होते. मग दुसरा प्रश्न उभा राहिला: हा मिथेन वाटेत कोणी खातो का?

या प्रश्नावर ब्रिटनच्या वॉरिक विद्यापीठातले चक्कियत पॉल अँटनी आणि कॉलिन मरेल यांनी पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राचे योगेश शौचे आणि इतर सहकाऱ्यांबरोबर काम केले. त्यांची युक्ती मनोवेधक होती. कार्बनचे बहुतेक अणू १२ वजनाचे असतात. थोडे १३ वजनाचे. संशोधकांनी लोणारचा चिखल घेतला आणि त्याला जड, म्हणजे १३ वजनाच्या कार्बनचा मिथेन खायला दिला. जो सूक्ष्मजीव तो मिथेन खाईल त्याच्या शरीरात, अगदी डीएनएतही, जड कार्बन जाणार. मग सगळा डीएनए बाहेर काढून अतिवेगाने फिरवायचा. जड डीएनए हलक्यापासून वेगळा पट्टा धरतो. त्या जड पट्ट्यात ज्याची ओळख पटेल तो मिथेन खाणारा. चिखलात असंख्य जातींचे जीव असताना नेमका जेवणारा अशा रीतीने पकडता येतो.

जड पट्ट्यात मिथायलोमायक्रोबियम या गटाशी नाते सांगणारे जीवाणू मिळाले. २०१० मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. लोणारच्या गाळात मिथेन बनवणारेही आहेत आणि तो बनला की त्यावर जगणारेही आहेत. पाणथळीचा कार्बनचा हिशेब या दोघांच्या चढाओढीवर ठरतो. समुद्रकाठी या चढाओढीत आणखी एक खेळाडू उतरतो, त्याच्याकडे पुढे येऊ.

गाभ्याने काय सांगितले

आता पुन्हा त्या दहा मीटरच्या गाभ्याकडे. त्यावर काम करणाऱ्या गटाचे नेतृत्व जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या भूविज्ञान संशोधन केंद्रातल्या सुषमा प्रसाद यांच्याकडे होते. पनवेलला असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे एन. बसवय्या, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे आर. कृष्णन, विदर्भाच्या पुरातत्त्वाच्या अभ्यासक रेश्मा सावंत, प्राचीन पिकांचे जाणकार डोरियन फुलर असे निरनिराळ्या विद्यांचे लोक त्यात होते. एका चिखलासाठी इतक्या विद्या एकत्र याव्या लागल्या, कारण प्रत्येकाने त्या चिखलाला वेगळा प्रश्न विचारला.

पहिला प्रश्न वयाचा. जिवंत झाड हवेतून कार्बन घेते तेव्हा त्याबरोबर किरणोत्सारी कार्बन-१४ ही थोडासा घेते. झाड मेले की ही आवक थांबते आणि आत असलेला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. किती उरला ते मोजले की वय कळते. ही मोजणी शक्य झाली, कारण तो कार्बन चिखलाने सोडला नव्हता. तो हवेत परतला असता तर मोजायला काही उरलेच नसते.

दुसरा प्रश्न झाडांचा. पानांवरचे मेण हजारो वर्षे टिकते, आणि ते कुठल्या प्रकारच्या झाडाचे, हे त्यातल्या जड आणि हलक्या कार्बनच्या प्रमाणावरून समजते. बहुतेक वृक्ष एका पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. ज्वारी आणि कोरड्या, उष्ण प्रदेशातली पुष्कळशी गवते दुसऱ्या पद्धतीने. दोघांची कार्बनमधली खूण निराळी असते. जुन्या थरांत, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, वृक्षांची खूण ठळक होती. मॉन्सून तेव्हा जोरात होता. मधल्या काळात हवा कोरडी होत गेली आणि गवताची खूण वाढली.

तिसरा पुरावा सर्वांत अनपेक्षित होता. गाभ्याच्या काही थरांत गेल्युसाइटचे स्फटिक मिळाले. सोडियम, कॅल्शियम, कार्बोनेट आणि पाणी मिळून झालेले हे खनिज खारे पाणी फार आटले की बनते. अनूप अंबिली आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या स्फटिकांचा अर्थ लावला. ज्या थरात हे स्फटिक, त्या काळात सरोवर आटून पाण्याचा खारटपणा फार वाढला होता. दुष्काळाने तळाशी आपली मोहोर उमटवून ठेवली होती, आणि तीही कार्बनचीच.

२०१४ मध्ये सगळे पुरावे एकत्र मांडले गेले. लोणारने दोन प्रदीर्घ अवर्षणकाळ दाखवले. पहिला आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. त्या काळात शतकानुशतके पाऊसच पडला नाही, असा याचा अर्थ नाही. मॉन्सून सरासरीने दुबळा होता, तुटीची वर्षे एकामागून एक येत होती. मध्य भारतातल्या पहिल्या वस्त्या पहिल्या अवर्षणकाळाच्या सुरुवातीला दिसू लागतात, आणि शेती करणाऱ्या वस्त्या दोन अवर्षणकाळांच्या मधल्या बऱ्या पावसात भरभराटतात, असेही या गटाने दाखवले. लोणार गावातले शिल्पसमृद्ध दैत्यसूदन मंदिर चालुक्य-यादव काळातले मानले जाते. तो काळ दुसऱ्या अवर्षणकाळात पडतो. पावसाचा भरवसा इतका कमी असताना विवराच्या काठावर पडणाऱ्या बारमाही धारेला लोकांनी तीर्थ मानले, यात मला त्या माणसांची पाण्याबद्दलची जाण दिसते.

पाणी आटल्यावर सरोवर काय करते, याची झलक आपल्या पिढीनेही पाहिली. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे जगभर फिरली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा त्यात खाराची आवड असलेले, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे सूक्ष्मजीव माजलेले आढळले. पाणी कमी झाले, क्षार वाढले आणि त्यांचे दिवस आले.

आता गाभ्याने सांगितलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विदर्भातला मॉन्सून इतका दीर्घकाळ दुबळा का झाला? संशोधकांनी इतर ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा बोट हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या संगमावरच्या उबदार पाण्याकडे वळले. इंडोनेशियाभोवतीचा तो प्रचंड समुद्रभाग तापला की हवेचे मोठे चक्र जागा बदलते आणि भारतावरचा मॉन्सून ढिला पडतो. हजारो किलोमीटर लांबचा समुद्र तापला आणि बुलढाण्यात शतकानुशतके पाऊस रोडावला. हे लोणारच्या चिखलात लिहिलेले आहे.

तेव्हाची तापमानवाढ निसर्गाची होती, आजची माणसाने हवेत सोडलेल्या कार्बनची आहे; म्हणून जुने दुष्काळ जसेच्या तसे परत येतील, असे म्हणता येत नाही. समुद्र आणि इथला पाऊस यांचे बंधन मात्र सुटलेले नाही. उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले की, १९५० पासून मध्य भारतात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याला हे आकड्यांवाचून कळते. पेरणीनंतर मोठा खंड पडतो आणि सोयाबीन काढणीला आले की एका रात्रीत शेत पाण्याखाली जाते.

समुद्राकाठचा चिखल

लोणारच्या तळाशी जे नियम चालतात तेच कांदळवनाखाली चालतात. तिवर, कांदळ, चिपी या झाडांची मुळे दाट जाळे करतात. भरतीचे पाणी गाळ घेऊन येते, मुळांत अडते, मंदावते आणि गाळ खाली बसतो. त्याबरोबर पाने, फांद्या, मेलेली मुळे पुरली जातात. चिखलात प्राणवायू इतका कमी असतो की तिवराला श्वासासाठी मुळांची टोके वर काढावी लागतात. काठ बोटाने उकरला तरी खाली काळा, वास मारणारा थर लागतो. जमिनीवरच्या जंगलात कार्बनचा मोठा वाटा खोडाफांद्यांत असतो; इथे तो पायाखाली असतो.

समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते, आणि मघाशी उल्लेखलेला तिसरा खेळाडू इथे उतरतो. सल्फेटवर जगणारे सूक्ष्मजीव मिथेन बनवणाऱ्यांच्या तोंडचे अन्न आधीच पळवतात. म्हणून खाऱ्या पाण्याच्या पाणथळीतून मिथेन सहसा गोड्या पाण्याच्या दलदलीपेक्षा कमी निघतो आणि साठवणीचा हिशेब नफ्यात राहतो. किनाऱ्याच्या चिखलाचे दुसरे बळ असे की समुद्राची पातळी सावकाश चढते तसा गाळाचा थरही वर वाढत जातो. साठवणीची जागा लवकर भरून जात नाही.

हे सगळे मोजायला जगाला उशीर झाला. ‘ब्लू कार्बन’ हा शब्द रूढ झाला २००९ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या एका अहवालामुळे. खरी कलाटणी २०११ मध्ये मिळाली. डॅनियल डोनाटो आणि सहकाऱ्यांनी हिंदी-प्रशांत भागातल्या २५ कांदळवनांत चिखलात नळ्या घालून खोलवरचे नमुने काढले. सुंदरबनापासून मायक्रोनेशियाच्या बेटांपर्यंतच्या या मोजणीत हेक्टरमागे सरासरी १,०२३ टन कार्बन भरला. त्यातला निम्म्यापासून जवळजवळ सगळा वाटा झाडांत नसून मातीत होता. उष्ण कटिबंधातल्या जंगलांत कांदळवने अत्यंत कार्बनसमृद्ध ठरली. याच अभ्यासातला दुसरा आकडा झोप उडवणारा होता. उष्ण कटिबंधातल्या जंगलांच्या एकूण क्षेत्रात कांदळवनांचा वाटा ०.७ टक्के, पण ती तोडल्याने जंगलतोडीतून होणाऱ्या जागतिक कार्बन-उत्सर्जनाच्या दहा टक्क्यांपर्यंत भर पडू शकते. कारण झाड तोडले आणि चिखल उघडा पडला, सुकला, की आत प्राणवायू शिरतो. शतकांनी साठवलेले काही वर्षांत वायू होऊन उडून जाते.

महाराष्ट्रात ३२० चौरस किलोमीटरच्या आसपास कांदळवन आहे. ते उरले त्यामागे झगडा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती आणखी पक्की केली. २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. त्याआधी २०२० मध्ये लोणारला तो मिळाला होता. नाशिकजवळचे नांदूर मध्यमेश्वर त्याच्याही थोडे आधी या यादीत गेले. विदर्भातले खारे विवर, गोदावरीवरचा गोड्या पाण्याचा जलाशय आणि मुंबईलगतची चिखलाची खाडी, अशी ही राज्याची पहिली तीन रामसर स्थळे आहेत.

चिखलाला हात लावताना

लोणार रामसर स्थळ म्हणून ४२७ हेक्टर आहे. तेवढ्या जागेने जगाचा कार्बन आटोक्यात येणार नाही, हे उघड आहे. त्याचे मोल पुराव्याचे आहे. ज्या चिखलाला कोणी ढवळले नाही, ज्याचे पाणी कोणी काढून टाकले नाही, तो अकरा हजार वर्षांहून अधिक काळ कार्बन धरून ठेवू शकतो, हे लोणारने दाखवून दिले. खाड्या बुजवायचे नकाशे काढणाऱ्यांसमोर ठेवायला याहून बळकट साक्ष नाही.

म्हणूनच लोणारच्या आजच्या दुखण्यांची काळजी वाटते. वस्तीचे सांडपाणी सरोवरात उतरत आले आहे. जास्तीचे गोडे पाणी आले की क्षारता उतरते, आणि त्या क्षारतेवर जगणारे जीव अडचणीत येतात. विवराच्या उतारावर वेड्या बाभळीने देशी झाडांची जागा घेतली. ती काढायचे काम वनविभागाने हाती घेतले आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या सरोवराच्या रक्षणासाठी वेळोवेळी आदेश दिले आहेत. हे सारे गरजेचे आहे. पण जतनाची चर्चा पर्यटन, मंदिरे आणि पाण्याचा रंग यांच्यापुरती राहिली, तर सर्वांत मोलाची गोष्ट तिच्यातून निसटेल. ती तळाशी आहे. गाळ उपसून सरोवर स्वच्छ करावे, असा सल्ला कुठल्याही तळ्याबाबत सहज दिला जातो. लोणारला तो लागू केला तर उपसलेल्या प्रत्येक मीटरबरोबर सुमारे हजार वर्षांचा पाऊस नाहीसा होईल आणि तेव्हापासून दबून असलेला कार्बन उघड्यावर येईल.

आपल्याकडे दलदल म्हणजे वाया गेलेली जागा, असे मानायची सवय जुनी आहे. सरकारी दप्तरातही अशा जमिनी फार वर्षे पडीक म्हणूनच मोजल्या गेल्या. खाजण भरून टाकले की विकास झाला, असे अजूनही अनेकांना वाटते. लोणारचा गाभा वाचल्यावर हे मान्य करणे अशक्य आहे. ठाण्याच्या खाडीत भराव पडला की तिथला कार्बन हवेत जातो, हवा आणि समुद्र तापवण्यात त्याचा वाटा पडतो, आणि समुद्र तापला की पावसाचे वेळापत्रक बिघडते, तेही मेहकरच्या, सिंदखेडराजाच्या शेतात. बुलढाण्याच्या शेतकऱ्याचा कांदळवनाशी काय संबंध, असे कोणी विचारले तर उत्तर त्याच्याच जिल्ह्यात दहा मीटर चिखलात आहे. कांदळवन वाचवण्याच्या लढाईत कोकणाइतकाच विदर्भाचाही हक्क आहे, आणि तो हक्क विदर्भाने मोठ्या आवाजात सांगायला हवा.